सुतक नसलेलं एकच घर

आम्ही ज्यांच्या मांगरात भाड्यानं राहतो, त्यांचा मुलगा गेला तेव्हा चतुर्थी तोंडावर आली होती. मांगर म्हणजे बागेतलं काजू-नारळ ठेवायचं बांधकाम. त्यांनी त्यात मधे चिऱ्यांची भिंत घातली, वर नवे पत्रे टाकले आणि एक ट्रंक अन् दोन पोती घेऊन आमचा संसार तिथं लागला. त्यांचं घर आणि आमचा मांगर यांच्यात एकच अंगण. इथले लोक त्याला खळं म्हणतात. माझा मुलगा आणि त्यांचा मुलगा त्याच खळ्यात वाढले.

आम्ही परभणीकडचे. नवरा चिरेखाणीवर गाडी चालवतो. मी कट्टा गावाच्या बाजूला एका काजूच्या कारखान्यात गरांची साल काढते. माझी शाळा आठवीत सुटली. का सुटली ते सांगण्यासारखं नाही, आमच्या गावात पोरींची सुटते तशीच. त्यामुळे चार शहाणी माणसं बसली की मी आपली कोपरा बघते. त्यात हा परमुलूख. आले तेव्हा बोली कळायची नाही, मासे शिजवता यायचे नाहीत, आणि सारखी धास्ती, की आपल्या हातून काही चुकेल आणि कुणी म्हणेल, निघा. अजून कुणी म्हटलेलं नाही. तरी धास्ती आहे ती आहेच.

पहिल्या वर्षी शाळेत पोरं माझ्या मुलाला घाटी म्हणून चिडवायची. घाटावरून आलेल्याला इथं तसं म्हणतात. एक दिवस मालकांचा मुलगा, तेव्हा केवढासा तो, दप्तर खाली टाकून त्या पोरांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "तो घाटी नाय. तो आमच्या मांगरातलो आसा." मांगर म्हणजे जसं काही एखादं गोत्रच. त्यानंतर कुणी चिडवलं नाही. व्हाळात पोहायला माझ्या मुलाला त्यानंच शिकवलं, पालखीबरोबर गावभर फिरायला त्यानंच नेलं. हळूहळू चौघं झाली. हे दोघं, देवळाची पूजा करणाऱ्या गुरवांचा मुलगा, आणि तिठ्यावरच्या दुकानदारांची मुलगी. तिची जीभ अशी की तिघं पोरं तिच्या वडिलांना भीत नसत, तिला भीत. दहावीपर्यंत चौघं एका बाकाच्या मागं-पुढं बसली.

मग ताप आला. इथं पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून एक ताप येतो, त्याचं नाव काढलं तरी बायका गप्प होतात. ओरोसला, जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून होतं ते सगळं केलं. त्याच आठवड्यात ज्यानं माझ्या दारात बसून मला नारळ सोलून दिला होता, तो परत आला तो गाडीच्या मागच्या दारातून. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

हे गाव देवाच्या वेळेवर चालतं. सकाळी देवळातली घंटा झाली की चुली पेटतात, आणि कौल लावून देवाला विचारल्याशिवाय कुणी मोठं काम हाती घेत नाही. त्यात ही आख्खी वाडी एका भावकीची. एका घरात मरण झालं की साऱ्या वाडीला तेराव्यापर्यंत सुतक. देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, गोड नाही, देवळाची पायरी नाही. अशात चतुर्थी आली तर वाडीत एकाही घरात गणपती बसत नाही. ज्या सणाला मुंबईची माणसं भांडून रजा घेतात आणि रात्रभर उभ्यानं प्रवास करून येतात, त्या सणाला ही वाडी मुकी राहणार होती.

सुतक नव्हतं ते आम्हाला. आम्ही परके म्हणून.

मी सकाळी पेज आणि दुपारी भात-आमटी करून मालकांच्या ओसरीवर ठेवून यायची. त्याची आई खांबाला टेकून बसलेली असे. मी म्हणायची, "ताई, दोन घास खा." ती बघायची, पण रस्त्यावरून कुणी दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यावर बघावं तसं.

आमच्या घरात वेगळंच काही चाललं होतं, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. मुलानं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि नुसत्या जमिनीवर झोपू लागला. चहात साखर नको म्हणाला. संध्याकाळी देवाच्या फोटोपुढं दिवा लावायचं काम त्याचं, तो दिवा लागेना. डोक्याला तेल नाही, शाळा नाही. मी म्हटलं, लेकराला धक्का बसलाय, येईल वळणावर. पण जेवायला बसलं की दोन घासांत उठायचा, आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

मग एका सकाळी गुरव आले. पावसात छत्री धरून खळ्याच्या कडेलाच उभे राहिले, कारण सुतकाच्या खळ्यात त्यांना पाय ठेवता येत नव्हता.

"वयनी, तुमचो झिल घरात आसा?"

झिल म्हणजे मुलगा, एवढी बोली आता कळते. "आहे की. काहून?"

"माजो झिल देवळात येयना नाय. घंटेक हात लावणा नाय. चतुर्थी तोंडार इली, माका एकट्याक जमतला काय? इचारलंय तर म्हणता, माका सुतक आसा." त्यांनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी म्हटलंय, रे, आमी गुरव, ते मराठे, तुका खंयचा सुतक? तर म्हणता, आमी तिगांनी धरलाव. तुमचो झिल, माजो झिल आणि त्या दुकानवाल्याचा चेडू."

चूक माझ्या पोराची असणार, परक्याचीच असते, असं पहिल्यांदा मनात आलं. मी हात जोडून म्हणाले, "दादा, मी समजावते त्याला."

"समजाव नको," ते म्हणाले. "रागान इल्लंय, पण वाटेर राग गेलो. जलमभर देवाची चाकरी केलंय, असला सुतक बगूक नाय. शास्त्रात नाय, रिवाजात नाय. पण वायट म्हणूक माजी जीभ वळणा नाय."

ते गेल्यावर मी मुलापुढं बसले. म्हटलं, हे काय मांडलंय? तो माझ्याशी आमच्याच बोलीत बोलतो, बाहेर सगळा मालवणी.

"आई, त्याचे ते मुंबईचे चुलते आलेत ना, त्यांना त्याचं नाव पण धड माहीत नाही. मला विचारत होते, कितवीत होता. त्यांना सुतक. त्यांनी दाढी नाही केली, त्यांना सगळे वाट देतात. आणि आम्ही? सकाळी आंघोळ केली की सुटलो? आम्ही त्याचे कुणीच नाही?"

मी उठले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती. मला आठवीपर्यंत जे शिकवलं त्यात याचं उत्तर नव्हतं, आणि पुढं शिकले असते तरी असतं असं वाटत नाही. पण खरं सांगते, भीतीच्या खालून दुसरंही काही वर येत होतं. या तीन पोरांनी कुणाला न विचारता, कुणाला न दाखवता, आपापल्या घरात एकटं राहून हे धरलं होतं. गुरवाच्या पोरानं तर देवाला अंतर दिलं होतं मित्रासाठी. दुकानवाल्यांच्या मुलीच्या घरी मिठाईच्या बरण्या, आणि ती बिनसाखरेचा चहा पीत होती.

गणपतीचं काय करायचं ते वाडीतल्या थोरल्या आजोबांनी ठरवलं होतं. इथं आपल्या घरचा पाट पावसाच्या तोंडाला मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन देतात आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. वाडीतल्या सगळ्या घरांचे पाट शाळेत होते, मूर्ती रंगवून तयार होत्या. आजोबा म्हणाले, गुरव तिथंच पूजा करतील आणि दीड दिवसानं तिथूनच विसर्जन. असंच करायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानवाल्यांची मुलगी धावत आमच्याकडे आली. तोंडावरचा पाऊस पुसायचंही भान नव्हतं.

"काकी, काका शाळेच्या भायर उभे रवतत. आज नाय, रोज. मूर्तिकार सांगी होतो. दिवस बुडताना येतत, आत जाणत नाय, दारातसून आपलो गणपती बगतत आणि जातत. छत्री हातात आसता, पण उघडणत नाय."

काका म्हणजे मालक, त्याचे वडील. तोवर गुरवाचा मुलगाही आला होता. तिघं माझ्या चुलीजवळ उभी राहिली. तीच म्हणाली:

"काकी, तुमका सुतक नाय. तुमच्याकडे बसवया ना तेंचो गणपती! खळ्यातसून तेंका दिसात."

आमच्याकडे महालक्ष्म्यांचं मोठं असतं, गणपती गल्लीतला. पूजेत काय लागतं, नैवेद्य कसा, काही ठाऊक नाही. आणि त्या घराच्या दुःखात मी चुकले तर? मी नवऱ्याकडे बघितलं. तो नुकता खाणीवरून आला होता, अंगभर लाल माती. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघायलीस? जागा त्यांचीच आहे. देव त्यांचा. आपण फक्त घरात घ्यायचा."

"आणि चुकलं तर?"

"तुला परीक्षेला बसवलंय का कुणी?"

मग विचारणं आलं. संध्याकाळी थोरले आजोबा खळ्यात येऊन बसले, मालक पायरीवर, आम्ही मांगराच्या दारात. मी जे मनात खात होतं ते आधी बोलून टाकलं, नंतर कुणी काढायला नको म्हणून. म्हटलं, "आजोबा, मी ओसरीवर रोज जाते. एकदा भावकीतल्या एका मावशींनी दिलेला कोरा चहापण प्यायले तिथं. मलाही सुतक लागलं असेल का?"

आजोबांनी कान पुढं केला. "काय पियालस?"

"कोरा चहा."

"दुदाचो नाय मा?"

"नाही."

"मगे बरा झाला. दुदाचो आसतो तर तुका गोत्रातच घेवचा लागला असता." शेजारचे दोघं-तिघं हसले, मालकही जरासे. आजोबा म्हणाले, "गो, चूल वेगळी आसा ना तुमची? चूल वेगळी तर सुतक वेगळा. भिंत कोणाची ता देव बगना नाय. न्हावन घे आणि हाड गणपती."

असं झालं. पण गणपती आणायला जाणार कोण? माझा नवरा एक. बाकी हात हवे होते गणपतीवरची माटवी बांधायला, आरतीला, विसर्जनाला. सगळ्यांनी तिघांकडे बघितलं. आणि तिघंही खाली बघू लागली. ती अडचण माझ्याही डोक्यात आली नव्हती. देवाला हात लावायचा तर सुतक नाही असं म्हणावं लागणार होतं. म्हणजे आम्ही त्याचे कुणी नाही, असंच ना ते म्हणणं?

गुरवाचा मुलगा हळूच म्हणाला, "आजोबा, आमी सुतक धरलाव."

आजोबांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण मालकांनी हात वर केला. मुलगा गेल्यापासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता.

"माका म्हायत आसा. गुरवान सांगलान. बरा वाटला माका, खोटा कशाक बोलू." ते पोरांकडे वळले. "पण बाबांनो, सुतकी माज्याकडे मोप आसत. ही बगा, आख्खी वाडी बसली आसा. एकाचो हात मोकळो नाय. माका आता मोकळे हात होये. तुमीव धरून बसलात तर माज्या झिलाचो गणपती हाडतलो कोण?"

माझा मुलगा म्हणाला, "पण काका, मगे आमी तेचे कोण?"

मालकांनी आपल्या हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ता माका सांगूक येणा नाय रे. तू आदी हाड. मगे बगूया."

एवढ्या उत्तरावर ते लेकरू उठलं. मला वाटलं होतं हट्ट करेल, त्या वयात मी केला असता. दुकानवाल्यांची मुलगी आजोबांना म्हणाली, "आंघोळ केली काय सुटता?" आजोबा म्हणाले, "तुमका लागला नाय ता सुटतला खंयसून? मनान धरललास, मनान सोडा. पण आंघोळ करा, बरा आसता."

ती दोघं आपापल्या घरी गेली. माझा मुलगा विहिरीवर गेला. रहाटाचा आवाज येत राहिला, थांबे, पुन्हा येई. एका अंगाला इतकं पाणी लागत नाही हे मला कळत होतं. मी गेले नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि केस नीट विंचरलेले होते. ट्रंकेतून धुतलेला सदरा त्यानं स्वतः काढला.

चतुर्थीच्या सकाळी आमच्या मांगरात माटवी बांधायला घेतली. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे आणि रानातली फळं-फुलं बांधतात. पोरं पहाटेच रानात जाऊन भिजून चिंब होऊन टोपलीभर घेऊन आली. पण आजवर बांधायचे ते मोठे बापये, म्हणजे पुरुष माणसं, पोरं फक्त दोरी द्यायला. आणि ते मोठे बापये आता खळ्यात छत्र्या घेऊन बसले होते. त्यांना हात लावता येत नव्हता, आत येता येत नव्हतं. तोंडाला सुतक नव्हतं.

"रे, कवंडळ मदी! मदी म्हणजे खंय ता कळता काय तुका?"

"कळता, कळता."

"कळता तर कडेक कित्याक बांदतंस?"

"तेरडो घट बांद, नायतर गणपतीच्या सोंडेर पडात!"

"आजोबा, तुमीच येवन बांदा मगे," दुकानवाल्यांची मुलगी स्टुलावरून ओरडली.

"येवक गावना नाय म्हणान तर बोंबलतंय!"

मुंबईचे चुलते मोबाइल खिशात घालून पुढं सरकले, आणि चक्क कान देऊन ऐकू लागले. एक नारळ उलटा बांधला गेला तेव्हा सात-आठ गळे एकदम गरजले. गुरवाचा मुलगा म्हणाला, "देवा म्हाराजा, ह्या लोकांका लवकर शुद्द कर, आमचे कान गेले." खळ्यात हसू उसळलं आणि लगेच दबलं, हसलो याची लाज वाटल्यासारखं. मग कुणीतरी पुन्हा म्हणालं, "उजवीकडसून ढिला आसा," आणि पुन्हा सुरू. त्या आवाजात मला पहिल्यांदा वाटलं की ही वाडी जिवंत आहे.

मी आत मोदकांशी झुंजत होते. पुरणपोळी मला झोपेत येते. पण ही तांदळाची उकड माझं ऐकेना. चार मोदक फुटले, पाचवा वाकडा झाला. मला रडू यायला लागलं. एवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

"गो, उकड थंड झाली ती. थंड उकडीक पाकळी पडणा नाय."

त्याची आई. खांब सोडून उठून, खळ्यात तुळशीपाशी येऊन उभी राहिली होती. मला हातातलं सुचेना.

"पाण्यात मीठ घातलंस?"

"घातलं, ताई."

"तेल?"

"नाही घातलं."

"मगे फुटतले नायतर काय करतले? हाताक तेल लाव आता. नखान नको दाबू गो, बोटान. बोटान फिरव." मी फिरवला आणि वर करून दाखवला. तिनं मान तिरकी केली. "ह्यो मोदक आसा की लसणीचो कांदो?"

मी हसले. तीही हसेल असं क्षणभर वाटलं. मग ती म्हणाली, "पारी पातळ कर. तेका पातळ..." आणि थांबली. तिचा हात तुळशीच्या कठड्यावर होता, तो घट्ट झाला. मी वाटीतून नवी गोळी घेतली आणि वाट बघितली. पावसाची सर येऊन गेली तरी ती हलली नाही. शेवटी तिनंच वाक्य पुरं केलं. "पातळ कर. सगळ्यांका पातळच आवाडता." सगळे मोदक होईपर्यंत ती तिथंच उभी राहून सांगत होती. शिकवण्यात तिला आधार सापडला असावा. मला तर सापडलाच.

गणपती गुरवाच्या मुलाच्या डोक्यावरून आला. माझा मुलगा पुढं वाट दाखवत, बांधावरची शेवाळ पायानं तपासत, आणि मागून मुलगी छत्री धरून, "हळू रे, हळू, बेडूक आसा" करत. माझा नवरा नवा सदरा घालून नुसताच बरोबर. घरी आल्यावर म्हणाला, "मला काही करूच दिलं नाही यांनी." खळ्यातून जाताना पोरं थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. गुरवाच्या मुलानं अलगद वळून मूर्ती मालकांच्या घराकडे तोंड करून धरली. मालक-मालकीण पायरीवर उभे होते. त्यांच्या पाटावरचा, त्यांच्याच घरचा देव. तेवढं बघून झालं आणि तो आमच्या दारातून आत आला.

संध्याकाळी आरती झाली. आत आम्ही दोघं आणि ती तिघं. मुलगी झांज घेऊन, माझा मुलगा टाळ घेऊन. आवाज बसलेले, पण एक कडवं गाळलं नाही. बाहेर खळ्यात सगळी भावकी उभी. त्यांनी आरती म्हणायची नसते. मी निरांजन घेऊन दाराकडे वळले तेव्हा बघितलं, साऱ्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मालकांना हात जोडावेत की नाही ते कळत नसावं, त्यांनी ते पाठीमागं धरले होते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. व्हाळाला पाणी मोठं होतं म्हणून आजोबांनी काठावरून आरडाओरडा करून तिघांना गुडघ्यापुढं जाऊ दिलं नाही. माझा जीव तर टांगणीलाच. पोरं ओली होऊन, गप्प होऊन परत आली. त्या रात्री माझ्या मुलानं माळ्यावरचं अंथरूण काढलं. साखर मात्र घेतली नाही. मी विचारलं नाही. देवाचं काम करायला त्यानं हात मोकळे केले होते, पण 'आम्ही त्याचे कोण' हे काकांना विचारलेलं तसंच होतं.

मग तेरावा आला. भटजी आले, घर शुद्ध झालं. या दिवशी भावकी पहिल्या पंगतीला बसते, गोड खाते आणि सुतक सुटतं. बाकीचे मागून. ओसरीवर केळीची पानं मांडली, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. वाढायला आम्ही बाहेरच्या बायका. तिघं पोरं पाण्याचे तांबे घेऊन कडेला उभी होती, त्यांना ते काम कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं.

मालकीण आतून आली. पंगतीवरून नजर फिरवली आणि पोरांपाशी थांबली.

"तुमी हय कित्याक उभी?"

"पानी वाडतंव, काकी," गुरवाचा मुलगा म्हणाला.

"बसा."

दुकानवाल्यांची मुलगी, जिला कधी शब्द कमी पडत नाही, ती अडखळत म्हणाली, "काकी, ही भावकीची पंगत. आमी मागसून बसतंव."

मालकिणीनं काहीच ऐकलं नाही. स्वतः वाकून तीन पानं घेतली आणि पंगतीत, चुलत्यांच्या आणि थोरल्या आजोबांच्या मधे मांडली. मुंबईच्या चुलत्यांना म्हणाली, "सरकान बसा जरा." ते सरकले. मग ती पोरांकडे वळली.

"सुतक धरल्यात मा तुमी? मगे ता सोडूचा नको? बसा गप."

आजोबा काही तरी बोलतील असं मला वाटलं, रिवाज त्यांच्याकडे. त्यांनी आपलं पान थोडं बाजूला घेतलं, माझ्या मुलाच्या गुडघ्याला जागा व्हावी म्हणून, आणि मीठ वाढणारीला म्हणाले, "ह्यांका विसारलंस काय गो?"

तिघं बसली. खिरीचं भांडं माझ्या हातात होतं. मी ओळीत वाढत आले, चुलते झाले, मग मुलगी, गुरवाचा मुलगा, आणि माझ्या पोरापुढं आले. मी वाढणारी आणि तो भावकीत बसलेला, असं आमचं पहिल्यांदाच झालं होतं. त्यानं मान वर केली नाही. पळीभर खीर घातली तशी ती पानावर पसरू लागली आणि त्यानं तळव्यानं अडवली. भांडं हातात धरून मी तशीच उभी होते. मागून मालकीण म्हणाली, "वाड गो तेका आणि. कितक्या दिसाचो उपाशी आसा तो."

मी आणखी एक पळी घातली. तो खाऊ लागला.